डीएनएचा आकार ओलाव्यावर ठरतो, हे मोजून दाखवणाऱ्या रोझालिंड फ्रँकलिन

मे महिन्यात देवळ्याला घरी गेलो होतो. उन्हाळ कांदा चाळीत भरून झाला होता, आणि नववीत जाणारी भाची विज्ञान प्रदर्शनासाठी काहीतरी सुचव म्हणून मागे लागली होती. आमच्याकडे घरात दुसरं काही नसलं तरी कांदा असतोच. म्हटलं चल, कांद्याचा डीएनए काढू. यूट्यूबवर याचे ढिगाने व्हिडिओ आहेत, तुम्हीही एखादा पाहिला असेल. कांदा बारीक चिरायचा. कोमट पाण्यात मीठ आणि भांडी घासायचं लिक्विड घालून त्यात थोडा वेळ ठेवायचा. सुती कापडातून गाळायचा आणि त्या पाण्यावर फ्रीजमध्ये गार केलेलं स्पिरिट ग्लासच्या कडेने हळूच सोडायचं. काही मिनिटांत दोन थरांच्या मध्ये पांढरट, शेंबडासारखे धागे दिसायला लागतात. तो डीएनए. त्याच्यासोबत थोडा इतर गाळही असतो, पण डोळ्यांना दिसेल असा डीएनए घरच्या ओट्यावर मिळतो हे खरं.

भाचीने धागे बघितले, मोबाइलवर फोटो काढले आणि मग विचारलं, मामा, लिक्विड कशाला ते कळलं, पण मीठ कशाला?

लिक्विडचं सोपं आहे. पेशीचं आवरण तेलकट असतं, साबणाने ते फुटतं. मिठाचं उत्तर जरा लांबचं आहे. डीएनएची पीळदार शिडी डोळ्यांसमोर आणा. तिच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर फॉस्फेटचे गट असतात आणि प्रत्येकावर ऋण भार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे डीएनएचे धागे एकमेकांजवळ यायला तयार नसतात, पाण्यात पसरून राहतात. मिठातला सोडियम धन भाराचा. तो या फॉस्फेटभोवती गोळा होतो आणि भांडण मिटवतो. वरून स्पिरिट आलं की पाण्याची पकड सुटते आणि धागे एकमेकांना चिकटून बाहेर पडतात. म्हणजे डीएनए तोच, कांदा तोच. आजूबाजूचं पाणी आणि मीठ बदललं की त्याचं वागणं बदलतं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे फार ओळखीचं वाटतं. कोड तोच असतो, माझ्या लॅपटॉपवर मस्त चालतो, सर्व्हरवर टाकला की झोपतो. कोडमध्ये चूक नसते, एन्व्हायर्नमेंट वेगळं असतं. आमच्याकडे ही डोकेदुखी समजतात. पण गेल्या पंचवीसेक वर्षांत शास्त्रज्ञांनी डीएनएच्या या स्वभावाचाच उपयोग करून घेतलाय. आम्लता वाढली की मिटणारे चिमटे, एखादा क्षार मिसळला की फिरणारे हात, ठरावीक रेणू भेटला की उघडणाऱ्या पेट्या, हे सगळं डीएनएचंच बनवलेलं आणि केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान. ही गोष्ट कुठून सुरू झाली ते शोधत मागे गेलो तर १९५१ सालच्या लंडनमधल्या एका तळघरात पोचलो. तिथे काम करणाऱ्या बाईंचं नाव तुम्ही ऐकलेलं असणार, फक्त वेगळ्या कारणासाठी.

रोझालिंड फ्रँकलिन म्हटलं की लोकांना एक फोटो आठवतो, फोटो ५१, आणि तो त्यांना न विचारता दुसऱ्याला दाखवला गेला ही गोष्ट. इन्स्टाग्रामवर दर मार्चमध्ये, महिला दिनाला, ही पोस्ट फिरते. गोष्ट खरी आहे. पण त्या एका फोटोने बाकीचं काम झाकून टाकलंय, आणि माझ्या मते मोठं काम तेच होतं.

कोळशापासून सुरुवात

रोझालिंड यांचा जन्म २५ जुलै १९२० चा, लंडनमधला. घर सुखवस्तू ज्यू बँकरांचं. वडील एलिस फ्रँकलिन बँकेत काम करायचे आणि संध्याकाळी कामगारांच्या कॉलेजात शिकवायचे. सेंट पॉल्स गर्ल्स स्कूल ही मुलींना भौतिक आणि रसायनशास्त्र नीट शिकवणाऱ्या थोड्या शाळांपैकी एक होती. तिथून १९३८ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं. याच न्यूनहॅम कॉलेजात १९३७ च्या डिसेंबरमध्ये आपल्या कमला भागवत दाखल झाल्या होत्या. म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत १९३३ मध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला होता, त्या कमलाबाई. बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींमधलं सायटोक्रोम सी त्यांनी दाखवलं आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन परत आल्या. म्हणजे काही महिने या दोघी एकाच कॉलेजच्या विद्यार्थिनी होत्या. आणि हे कॉलेज ज्या विद्यापीठाचं, ते त्या काळी मुलींना शिकवायचं, परीक्षा घ्यायचं, पण पदवीधर म्हणून पुरुषांच्या बरोबरीचा दर्जा देत नव्हतं. तो मिळायला १९४८ उजाडलं. रोझालिंड यांची शेवटची परीक्षा १९४१ ची, म्हणजे त्यांच्या वाट्यालाही नावापुरतीच पदवी आली.

दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४२ मध्ये त्या कोळशावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत लागल्या. कोळसा म्हणजे काळा दगड असं आपल्याला वाटतं, पण तो आतून स्पंजासारखा सच्छिद्र असतो. ही छिद्रं इतकी बारीक असतात की हेलियमसारखा लहान वायू आत जातो आणि मोठे रेणू बाहेर अडकतात. कोणता कोळसा किती आणि केवढ्या रेणूंना आत सोडतो हे रोझालिंड यांनी मोजलं आणि त्यावर १९४५ मध्ये पीएचडी मिळवली. हा अनुभव पुढे कामाला आला असं मला वाटतं. एखाद्या पदार्थात पाणी किंवा वायू किती शिरतो आणि त्याने आतली रचना कशी बदलते, हाच प्रश्न त्यांनी नंतर डीएनएला विचारला.

१९४७ ते १९५० पॅरिस. तिथे जाक मेरिंग यांच्याकडे त्या क्ष-किरणांनी पदार्थांची आतली मांडणी वाचायला शिकल्या. पद्धत साधारण अशी: पदार्थावर क्ष-किरणांचा झोत सोडायचा, आतल्या अणूंवर आपटून ते विशिष्ट दिशांना विखुरतात, मागे ठेवलेल्या फिल्मवर ठिपके उमटतात, आणि ठिपक्यांच्या जागांवरून गणित करून अणू कसे बसलेत ते उलगडायचं. सरळ फोटो नव्हे हा, एन्क्रिप्टेड फाइल म्हणा.

या पद्धतीने त्यांनी वेगवेगळ्या प्रकारचा कार्बन सुमारे ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तपासला. काही कार्बन तापवल्यावर ग्रॅफाइट होतात, काही कितीही तापवले तरी होत नाहीत. १९५१ मध्ये छापलेली ही विभागणी आजही वापरली जाते. तुमच्या हातातल्या फोनच्या लिथियम-आयन बॅटरीत ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं. आणि आता ज्या सोडियम-आयन बॅटऱ्यांची चर्चा चालू आहे, त्यांत ग्रॅफाइट न होणारा तो दुसरा कार्बन लागतो, हार्ड कार्बन. डीएनएचं नाव काढलं नसतं तरी एवढ्यावर त्यांचं नाव पुस्तकात राहिलं असतं.

किंग्ज कॉलेज आणि एक गैरसमज

जानेवारी १९५१ मध्ये त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजात रुजू झाल्या. प्रयोगशाळेचे प्रमुख जॉन रँडल. त्यांनी आधीच पत्र पाठवून कळवलं होतं की डीएनएचं क्ष-किरणांचं काम सध्या रोझालिंड आणि रेमंड गॉसलिंग नावाचा विद्यार्थी हे दोघंच बघतील. हे काम तोवर मॉरिस विल्किन्स करत होते. त्यांना या पत्राबद्दल काही सांगितलं नव्हतं, आणि रोझालिंड आल्या तेव्हा ते सुट्टीवर होते. परत आले ते अशा समजुतीने की आपल्याला मदतनीस मिळाली. रोझालिंड यांची समजूत अशी की काम आपलं आहे. दोघांचे स्वभाव एकदम उलटे: त्या रोखठोक, वाद घालायला आवडणाऱ्या, ते अबोल, समोरून निघून जाणारे. पुढची दोन वर्षं या एका पत्राने खराब केली. एका प्रोजेक्टचे दोन ओनर आणि दोघांनाही ते ठाऊक नाही, अशी वेळ ज्यांच्यावर आलीय त्यांना जास्त सांगायला नको.

पण काम बघा. विल्किन्स यांच्याकडे स्वित्झर्लंडच्या रुडॉल्फ सिग्नर यांनी दिलेला उत्कृष्ट डीएनए होता. ओला असताना त्याचे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे ओढता यायचे. अडचण अशी की क्ष-किरणांचे फोटो अस्पष्ट यायचे. १९३८ मध्ये लीड्सच्या विल्यम अ‍ॅस्टबरी यांच्याकडे काढलेले फोटोही धूसरच होते.

रोझालिंड यांनी आल्याबरोबर कॅमेऱ्यातल्या हवेकडे लक्ष दिलं. धागा ज्या डबीत बसतो तिथला ओलावा हवा तेवढाच ठेवायचा, ना कमी ना जास्त. त्यासाठी त्यांनी हायड्रोजन वायू क्षारांच्या द्रावणांतून बुडबुडे काढत न्यायचा आणि मग कॅमेऱ्यात सोडायचा अशी सोय केली. हायड्रोजन कशाला? तर तो हलका, क्ष-किरणांना फारसा विखुरत नाही, म्हणून फोटो स्वच्छ येतो. आणि क्षार कशाला? तर पाण्यात क्षार विरघळलेला असला की त्यावरच्या हवेत ठरावीक ओलावा टिकतो, जास्त वाढत नाही. हे घरीही दिसतं. बंद बरणीत वाटीभर मीठ थोड्या पाण्यात ओलसर करून ठेवलं, तर साधारण खोलीच्या तापमानाला बरणीतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. आर्द्रता मोजायचं यंत्र बरोबर आहे का ते लोक याच युक्तीने तपासतात. क्षार बदलला की आकडा बदलतो. थोडक्यात, क्षार म्हणजे ओलाव्याचा रेग्युलेटर.

एवढं केल्यावर जे दिसलं ते तोपर्यंत कुणी वेगळं करून पाहिलेलं नव्हतं. सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला धागा एक चित्र देत होता, नेटक्या, भरपूर ठिपक्यांचं. आर्द्रता ९० च्या वर नेली की धागा पाणी पिऊन लांब व्हायचा आणि चित्र पूर्ण बदलायचं. परत सुकवला की पहिलं चित्र परत. पुन्हा ओला केला की दुसरं. म्हणजे डीएनएचे दोन आकार होते आणि पाणी हा त्यांच्यातला स्विच होता. कोरड्याला त्यांनी नाव दिलं ए, ओल्याला बी. आधीचे फोटो धूसर का होते तेही उलगडलं: त्यांत दोन्ही आकारांची सरमिसळ होती.

आज आपल्याला आकडे माहीत आहेत. बी आकारात पिळाच्या एका फेऱ्याची उंची साधारण ३.४ नॅनोमीटर असते. ए आकारात ती २.८ च्या आसपास येते आणि पायऱ्या तिरक्या होतात, म्हणजे शिडी ठेंगणी आणि जाड होते. आपल्या पेशींत पाणी भरपूर, म्हणून तिथे मुख्यतः बी.

आमच्याकडे चाळीतल्या कांद्याला हवा लागली पाहिजे, ओल लागता कामा नये, हे पोरासोरांनाही कळतं. पण ओलाव्याने माल सडतो हे कळणं वेगळं, आणि ओलाव्याचा एकेक टक्का हातात ठेवून रेणूचा आकार हवा तेव्हा बदलून दाखवणं वेगळं.

या निरीक्षणातूनच आणखी एक गोष्ट निघाली. पाणी इतक्या सहज आत-बाहेर करतंय, तर पाण्याला चिकटणारे फॉस्फेट बाहेरच्या बाजूला असले पाहिजेत. नोव्हेंबर १९५१ मध्ये रोझालिंड यांनी किंग्जमध्ये आपल्या कामावर भाषण दिलं. केंब्रिजहून जेम्स वॉटसन ऐकायला आले होते. त्यांनी टिपणं काढली नाहीत आणि पाण्याचं प्रमाण चुकीचं लक्षात ठेवलं, खऱ्यापेक्षा कितीतरी कमी. त्या चुकीच्या आकड्यावर वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी घाईने तीन धाग्यांचं मॉडेल उभं केलं, फॉस्फेट आत आणि बाकी सगळं बाहेर. रोझालिंड ते बघायला केंब्रिजला गेल्या आणि हे शक्य नाही, फॉस्फेट बाहेर हवेत, असं तिथल्या तिथे सांगितलं. त्या दोघांच्या वरिष्ठांनी हे काम बंद करायला लावलं. पाण्याचा आकडा चुकला की सगळंच चुकतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

फोटो ५१ आणि त्याच्या आसपास

मे १९५२ मध्ये रोझालिंड आणि गॉसलिंग यांनी बी आकाराचा तो प्रसिद्ध फोटो घेतला. एका फोटोसाठी साठ तासांहून जास्त क्ष-किरण चालू ठेवावे लागले, आणि तेवढा वेळ कॅमेऱ्यातला ओलावा एकसारखा ठेवावा लागला. मधोमध फुलीसारखी नक्षी. फुली म्हणजे पीळ, हे त्या क्षेत्रातल्या माणसाला बघताक्षणी कळतं.

मग त्यांनी लगेच मॉडेल का केलं नाही? कारण त्या ए आकाराच्या मागे लागल्या होत्या. ए मध्ये ठिपके जास्त, म्हणजे माहिती जास्त, म्हणजे अंदाज न लावता गणिताने उत्तर काढता येईल, हा त्यांचा विचार. पण ए चे ठिपके वाचायला फार किचकट होते आणि काही काळ त्यांना ए मध्ये पीळ नाहीच असं वाटलं. जुलै १९५२ मध्ये त्यांनी आणि गॉसलिंगने ए आकारातल्या पिळाचं निधन झाल्याची काळ्या चौकटीची थट्टेची पत्रिकाही काढली होती. माझ्या मते हा अंदाज चुकला. नियम पाळून कठीण रस्ता धरला आणि सोपा रस्ता ड्रॉवरमध्ये पडून राहिला. अर्थात हे आज सत्तर वर्षांनी उत्तर समोर ठेवून बोलणं सोपं आहे.

३० जानेवारी १९५३ ला विल्किन्स यांनी फोटो ५१ वॉटसनना दाखवला. रोझालिंड यांना विचारलं नाही. तोवर गॉसलिंग विल्किन्स यांच्याकडे गेला होता आणि रोझालिंड किंग्ज सोडणार होत्या, त्यामुळे फोटो विल्किन्स यांच्या हातात येणं यात चोरी नव्हती. दाखवताना सांगितलं नाही, ही चूक होती. फेब्रुवारीत किंग्जच्या कामाचा एक अहवालही क्रिक यांच्या हाती आला. त्यात रोझालिंड यांची मोजमापं होती. आणि गंमत बघा, डीएनएचे दोन धागे एकमेकांच्या उलट दिशेने जातात हे क्रिक यांना कळलं ते त्यातल्या ए आकाराच्या आकड्यांवरून. ज्या ए वर रोझालिंड यांनी वेळ वाया घालवला असं म्हणतात, त्याच ए वरून.

इकडे स्वतः रोझालिंड २४ फेब्रुवारीच्या आपल्या वहीत ए आणि बी दोन्हींत दोन-दोन धागे आहेत इथपर्यंत आल्या होत्या. १७ मार्चचा त्यांचा कच्चा लेख नंतर सापडला. २५ एप्रिल १९५३ च्या नेचरमध्ये तीन लेख ओळीने आले: आधी वॉटसन-क्रिक, मग विल्किन्स आणि सहकारी, शेवटी फ्रँकलिन-गॉसलिंग. क्रम असा की रोझालिंड यांचं काम मॉडेलला दुजोरा देणारं वाटावं. प्रत्यक्षात मॉडेल त्यांच्या आकड्यांवर उभं होतं.

१९६८ मध्ये वॉटसन यांनी आपल्या पुस्तकात त्यांचं जे चित्र रंगवलं, ते चिडक्या, आपल्याच फोटोचा अर्थ न कळणाऱ्या बाईचं होतं. त्यानंतर उलट बाजूने त्यांना फक्त अन्याय झालेली बाई करून टाकलं गेलं. २०२३ मध्ये दोन इतिहासकारांनी जुनी कागदपत्रं तपासून नेचरमध्ये लिहिलं की त्या या शोधातल्या बरोबरीच्या भागीदार होत्या आणि आपल्या फोटोचा अर्थ त्यांना नीट कळत होता. मला हे तिसरं चित्र पटतं. अन्याय झाला, पण त्या बिचाऱ्या नव्हत्या.

तंबाखूचा विषाणू

मार्च १९५३ मध्ये त्या बर्कबेक कॉलेजात जे. डी. बर्नाल यांच्याकडे गेल्या. जागा जुन्या घरातली, सोयी बेताच्या. पण पुढची पाच वर्षं त्यांची सगळ्यात चांगली गेली. विषय तंबाखूच्या पानांवर मोझॅक रोग पाडणारा विषाणू. टोमॅटो आणि मिरचीलाही हा विषाणू लागतो, त्यामुळे नाशिक जिल्ह्यातल्या वाचकांना वेगळी ओळख करून द्यायला नको. आरन क्लुग यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की हा विषाणू म्हणजे आतून पोकळ दांडी आहे: प्रथिनाचे एकसारखे दोन हजारांवर तुकडे जिन्यासारखे गोल रचलेले आणि त्यांच्या खाचेत आरएनएचा धागा गुंडाळलेला. त्याच सुमारास अमेरिकेत दिसून आलं होतं की हे प्रथिन आणि आरएनए वेगळे करून पुन्हा एकत्र मिसळले तर विषाणू आपणहून परत जुळतो. कुणी हाताने रचत नाही, फक्त आजूबाजूचं द्रावण बरोबर लागतं, आम्लता योग्य लागते. तुकडे बनवा, वातावरण ठरवा, रचना आपोआप होईल: नॅनोतंत्रज्ञानाचा पुढचा सगळा धंदा याच कल्पनेवर चालतो.

१९५६ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्यांना त्रास सुरू झाला. परतल्यावर अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनं झाली, उपचार झाले, मधल्या काळात त्या काम करतच राहिल्या. बरं वाटायला काही दिवस त्या क्रिक आणि त्यांच्या पत्नीकडे केंब्रिजला जाऊन राहिल्या होत्या. शत्रुत्वाच्या गोष्टी सांगणारे हा भाग गाळतात. १६ एप्रिल १९५८ ला, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी ब्रसेल्सचं जागतिक प्रदर्शन सुरू झालं. त्यात त्यांनी तयार केलेलं विषाणूचं मोठं मॉडेल ठेवलेलं होतं.

१९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं. क्लुग यांना १९८२ मध्ये मिळालं, रोझालिंड यांच्यासोबत सुरू केलेल्या कामाच्याच वाटेवर. मेलेल्या माणसाला नोबेल देत नाहीत.

स्विच कामाला लागला

१९८२ मध्येच नेड सीमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक विचित्र कल्पना मांडली: डीएनएकडे वंशाची माहिती म्हणून न बघता बांधकामाचं सामान म्हणून बघू. अ‍ॅडेनिन थायमिनलाच जुळतो, ग्वानिन सायटोसिनलाच. मग अक्षरं अशी लिहायची की धागे पाण्यात सोडल्यावर आपल्याला हवा तो सांगाडा आपणहून जुळेल. सीमन हेही क्ष-किरणांनी स्फटिक वाचणाऱ्यांतलेच. २००६ मध्ये पॉल रोथेमुंड यांनी एका विषाणूचा सात हजारांवर अक्षरांचा लांब धागा घेतला, दोनशेच्या वर छोट्या धाग्यांनी तो ठिकठिकाणी टाचला आणि सुमारे १०० नॅनोमीटरचा हसरा चेहरा बनवला. डीएनए ओरिगामी म्हणतात ती हीच. यासाठी कॅडनॅनो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. एका रविवारी मी ते उघडून बसलो होतो. दोन तासांनी एक वेडीवाकडी पट्टी तयार झाली, पण वेळ मजेत गेला.

पण ही झाली न हलणारी खेळणी. ती हलवायची कशी? सीमन यांच्या गटाने १९९९ मध्ये केलं ते थेट रोझालिंड यांच्या वाटेवरचं होतं. मधल्या काळात डीएनएचा आणखी एक आकार सापडला होता, झेड, उलट्या बाजूला पीळ असलेला. तो क्षार खूप वाढवला किंवा कोबाल्टचा एक विशिष्ट क्षार घातला की येतो. त्यांनी डीएनएच्या दोन ताठ हातांमध्ये असा तुकडा बसवला जो बी मधून झेड मध्ये जाऊ शकतो. क्षार घातला, मधला तुकडा उलटा पिळला गेला आणि हात फिरले. क्षार काढला, हात जागेवर. पन्नासेक वर्षांपूर्वी हायड्रोजनच्या बुडबुड्यांनी जे धाग्यात दिसलं होतं, त्याचं यंत्र झालं.

नंतरचं उदाहरण आपल्या बेंगळुरूचं. २००९ मध्ये तिथल्या एनसीबीएस संस्थेत यमुना कृष्णन यांच्या गटाने आय-स्विच बनवला. सायटोसिन नावाचं अक्षर आम्लात एक प्रोटॉन पकडतं आणि मग चक्क दुसऱ्या सायटोसिनशी जुळतं, जे एरवी होत नाही. कृष्णन यांच्या चिमट्याच्या दोन्ही टोकांना अशी अक्षरं होती. आम्लता वाढली की टोकं एकमेकांना धरतात, चिमटा मिटतो. कमी झाली की उघडतो. टोकांना दोन वेगवेगळ्या रंगांचे चमकणारे रेणू लावलेले, ते जवळ आले की प्रकाशाचा रंग बदलतो. हा चिमटा जिवंत पेशीत सोडून त्यांनी पेशीच्या आतल्या पिशव्या किती आम्ल आहेत ते रंगावरून वाचलं. पेशीतल्या कचरा जिरवणाऱ्या पिशव्या आंबट लागतात; काही आजारांत त्या नीट आंबट होत नाहीत. तो बिघाड पेशीच्या आत जाऊन मोजणारं मीटर, आणि तेही डीएनएचं.

अडचण अजून संपलेली नाही. डीएनए ओरिगामीला एकत्र राहायला मॅग्नेशियम भरपूर लागतं, कारण तेच ऋण भारांचं भांडण मिटवतं, आपल्या कांद्यातल्या मिठासारखं. रक्तात मॅग्नेशियम त्यामानाने फार कमी, वर डीएनए कापणारी विकरं फिरत असतात. प्रयोगशाळेत झकास उभी राहिलेली रचना शरीरात गेली की सुटायला लागते. म्हणून तिच्यावर वेगवेगळी आवरणं चढवून बघणं चालू आहे. पुन्हा तेच, माझ्या लॅपटॉपवर चालत होतं.

कांद्याचा प्रयोग करणार असाल तर स्पिरिट गॅसपासून लांब ठेवा आणि धागे निघाले की तिथेच थांबू नका. काडीने ते उचला, स्पिरिट निथळू द्या आणि साध्या पाण्याच्या वाटीत सोडून रात्रभर ठेवा. भाचीने तसं केलं. सकाळी वाटीत थोडा गाळ सोडला तर धागे दिसत नव्हते. ते गेले कुठे हा प्रश्न तिने प्रदर्शनाच्या तक्त्यावर सगळ्यात वर लिहिलाय.